बिलापासून प्रभागापर्यंत: हरितगृह वायू घटवण्यासाठी शहरवासीयांनी नेमके काय करायचे

मोबाइल चार्ज झाला की चार्जर सॉकेटमधून काढून ठेवणारे लोक मला आवडतात. सवय चांगलीच आहे. पण मोकळा चार्जर वर्षभर तसाच लावून ठेवला तरी तो जेमतेम एक-दोन युनिट वीज खातो. तोच माणूस गळका एसी दर उन्हाळ्यात नवा गॅस भरून चालवत असेल, तर चार्जरची जन्मभराची बचत एका दुपारी हवेत उडून जाते. हवामानबदलावरच्या बहुतेक याद्यांत सगळे उपाय एकाच मापाने छापलेले असतात: दिवे मालवा, झाडे लावा, सायकल चालवा. कुठला उपाय किलोत मोजायचा आणि कुठला टनात, हे त्यातून कळत नाही. कळत नसल्यामुळे माणूस सोपे ते करतो आणि मोठे ते राहून जाते.

शहरांचा वाटा लहान नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२२च्या अहवालानुसार २०२० साली जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी ६७ ते ७२ टक्के उत्सर्जन शहरांच्या खात्यावर जाते. शहरात वापरली जाणारी पण बाहेर तयार होणारी वीज आणि वस्तूही त्यात धरल्या आहेत. म्हणजे धुराडे गावाबाहेर असले तरी खाते आपलेच.

पायरी १: घरचा हिशेब मांडा

मागच्या बारा महिन्यांची विजेची बिले, गॅसची बिले आणि पेट्रोलच्या पावत्या काढा. पावत्या नसतील तर गाडी वर्षात किती किलोमीटर चालली आणि लिटरला किती देते, यावरून लिटर काढा. मग हे गुणक वापरा:

- पेट्रोल: लिटरला २.३ किलो कार्बन डायऑक्साइड
- डिझेल: लिटरला २.७ किलो
- एलपीजी: किलोला ३ किलो
- पाइपचा नैसर्गिक वायू: घनमीटरला सुमारे २ किलो
- विमान: एका प्रवाशाला किलोमीटरमागे साधारण १०० ग्रॅम

(पाऊण किलो वजनाच्या लिटरभर पेट्रोलमधून सव्वादोन किलोंहून जास्त वायू कसा निघतो, असा प्रश्न पडला तर तो योग्यच आहे. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन उचलतो. वाढीव वजन त्या ऑक्सिजनचे.)

विजेचा गुणक जागेप्रमाणे बदलतो. निव्वळ कोळशावरची वीज असेल तर युनिटला जवळपास एक किलो, नैसर्गिक वायूवरची असेल तर त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि जल, पवन, सौर किंवा अणुवीज असेल तर फार तर पाच-पन्नास ग्रॅम. तुमच्या ग्रिडचा, म्हणजे वीजजाळ्याचा, सरासरी आकडा वीज नियामक किंवा ऊर्जा खाते प्रसिद्ध करत असेल तर तोच घ्या.

उदाहरणापुरते एक घर घेऊ. महिन्याला २०० युनिट वीज, ४० लिटर पेट्रोल, ८ किलो एलपीजी, वर्षातून घरातल्या एकाचा १० हजार किलोमीटरचा विमानप्रवास. विजेचा गुणक ०.७ धरला तर वीज १,६८० किलो, पेट्रोल १,१०४, एलपीजी २८८, विमान १,०००. एकूण चार टनांच्या आसपास. आता यातले एकेक काढून बघा. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये एक चतुर्थांश बचत केली, आणि तीही फार मेहनतीने, तर ७२ किलो वाचतात. विमानाची एक फेरी टाळली तर १,०००. विमानाचा खरा परिणाम तर त्याहून मोठा असतो, कारण उंचावर सोडलेली वाफ आणि इतर वायूही उष्णता अडवतात आणि वरच्या गुणकात ते धरलेले नाहीत.

पूर्ण वाढलेले झाड वर्षाला ढोबळमानाने दहा ते चाळीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषते. या एका घराच्या वाटणीला शंभरावर झाडे आली, तीही पूर्ण वाढलेली. झाडे जरूर लावा. सावलीसाठी, पाणी मुरण्यासाठी, पक्ष्यांसाठी लावा, पण हिशेबात ती वजा करून मोकळे होऊ नका.

पायरी २: एसी आणि फ्रिजमधला गॅस

वरच्या हिशेबात एक मोठी गोष्ट आलीच नाही, कारण तिचे बिल येत नाही.

एसीत फिरणारा शीतकारक वायू बाहेर निसटला की तो कार्बन डायऑक्साइडच्या कैक पटींनी तापवतो. शंभर वर्षांच्या मापाने, म्हणजे तेवढ्या काळात मिळून किती तापवतो ते पाहिले तर, आर-४१०ए हा सुमारे २,०९० पट, जुना आर-२२ सुमारे १,८०० पट, आर-३२ सुमारे ६७५ पट, तर आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन पाचपटीच्याही खाली. खोलीच्या स्प्लिट एसीत साधारण किलोभर वायू असतो. आर-४१०एचा एक किलो सुटला तर दोन टन, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या घराच्या वर्षभराच्या विजेपेक्षा जास्त.

आमच्याकडे एका खोलीच्या एसीत लागोपाठ तीन उन्हाळे गॅस भरला गेला. 'गॅस संपला' असे सांगितले जायचे आणि आम्ही माना डोलवायचो. चौथ्या वर्षी आलेल्या मुलाने जोडांना साबणाचे पाणी लावले आणि बाहेरच्या युनिटच्या नटापाशी बुडबुडे दाखवले. तांब्याच्या नळीचे तोंड नीट पसरवलेले नव्हते, एवढाच दोष. तो जोड नव्याने केला आणि नंतर गॅस लागला नाही.

एसीचे चक्र बंदिस्त असते. त्यात वायू संपत नाही, फक्त गळतो. गाडीच्या पेट्रोलसारखा तो खर्च होत नाही. म्हणून मेकॅनिक आला की पुढच्या गोष्टी आग्रहाने करून घ्या.

थंडावा कमी झाला तर आधी फिल्टर धुवा आणि बाहेरच्या युनिटची जाळी साफ करा. निम्म्या वेळा प्रश्न तिथेच सुटतो. त्यानंतरही फरक नसेल तर गळती शोधायला सांगा: साबणाचे पाणी, गळतीशोधक यंत्र किंवा नायट्रोजन भरून दाबाची चाचणी. गळती बुजवल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. भरताना आधी व्हॅक्यूम पंप लावून नळ्या रिकाम्या करायच्या, आणि वायू तराजूवर मोजून, युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरायचा. 'हाताला थंड लागेपर्यंत' ही पद्धत नव्हे.

घर बदलताना एसी काढायचा असेल तर 'पंप डाउन' करा म्हणून सांगा. बाहेरच्या युनिटची द्रववाहिनी बंद करून कॉम्प्रेसर थोडा वेळ चालवला की सगळा वायू बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो. मग दुसरी झडप बंद करायची. दहा मिनिटांचे काम आहे. घाईत ते न करता सरळ नळी सोडून देतात आणि 'फुस्स' असा आवाज येतो. तो आवाज टनांचा असतो. भंगारात देतानाही वायू काढून घेणारा पुनर्वापर करणाराच गाठा. जुन्या फ्रिजलाही हे लागू आहे.

नवा घेताना स्टारच्या शेजारी वायूचे नावही वाचा. आर-२९० किंवा निदान आर-३२ असलेला घ्या. दोन्ही वायू कमी-अधिक ज्वलनशील आहेत, तेव्हा त्यांची दुरुस्ती प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावी, आणि जुन्या यंत्रात हे वायू भरण्याचा प्रयोग अजिबात करू नये. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या १९८७च्या मॉन्ट्रियल करारात २०१६ साली किगालीत झालेल्या दुरुस्तीनुसार आर-४१०ए आणि आर-३२ यांसारखे एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) गटातले वायू जगभर टप्प्याटप्प्याने घटवायचे ठरले आहे. पण आज भिंतीवर टांगलेल्या यंत्रातला वायू त्या करारामुळे आत राहत नाही. तो नटामुळे राहतो.

पायरी ३: उष्णतेमागे लागा, दिव्यांमागे नको

घरातली वीज जाते कुठे? बहुतांश काही तरी तापवण्यात किंवा थंड करण्यात. शंभर लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट लागतात. नऊ वॅटचा एलईडी तेवढ्या विजेवर सोळा दिवस अखंड जळेल. आधी पाण्याकडे बघा: शॉवरचे तोंड कमी प्रवाहाचे बसवा, गीझरचे तापमान उतरवा, छपरावर ऊन असेल तर सौर बंब लावा. हीट पंपावरचा गीझर हवेतली उष्णता पाण्यात आणतो आणि एका युनिटमध्ये तीन युनिटांचे काम करतो. थंड प्रदेशात घर तापवण्यासाठी गॅस किंवा तेलाचा बॉयलर असेल तर त्याजागी हीट पंप आणि भिंती-छपराला उष्णतारोधक थर हा घरातला सर्वांत मोठा बदल ठरतो. क्रम मात्र उलटा करू नये. आधी थर आणि फटी, मग यंत्र, म्हणजे यंत्र लहान पुरते.

उष्ण प्रदेशात हाच क्रम सावलीपासून सुरू होतो. खिडकीच्या आत लावलेला जाड पडदा आणि बाहेर लावलेली बांबूची चटई किंवा झडप यांत फार फरक आहे. आतल्या पडद्यापर्यंत पोहोचलेली उष्णता घरात शिरलेली असते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या. त्यानंतर पंखा. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा साधारण ३० वॅटचा. वर्षाला तीन हजार तास फिरत असेल तर पंख्यामागे १३५ युनिट वाचतात. आणि पंखा चालू ठेवला की एसीचे तापमान दोन-तीन अंश वर नेले तरी जाणवत नाही.

दिवे एलईडी केले नसतील तर करा. बस, त्यावर यापेक्षा जास्त बोलण्यासारखे नाही.

पायरी ४: आठवड्याची प्रवासवही

एक आठवडा प्रत्येक फेरी लिहा: कुठे, किती किलोमीटर, गाडीत किती जण, कशासाठी. आठवड्याच्या शेवटी तीन किलोमीटरच्या आतल्या फेऱ्यांवर खूण करा. बहुतेकांना आकडा बघून आश्चर्य वाटते. या छोट्या फेऱ्यांत इंजिन गरम होईपर्यंतच मुक्काम येतो, आणि थंड इंजिन जास्त इंधन पिते. चालणे किंवा सायकल इथेच सर्वांत सहज बसते. उरलेल्यांतल्या ज्या एकाच दिशेच्या आहेत त्या एका फेरीत गुंफा.

रोजची कामाची फेरी मात्र वेगळी हाताळावी लागते, कारण ती वर्षात दोनशेच्या वर वेळा होते. बस किंवा रेल्वेने जाता येत असेल तर आठवड्यातले दोन दिवस ठरवून जा. सगळे दिवस एकदम बदलायला निघालेला माणूस पहिल्या पावसात परत गाडीत बसतो. तुम्ही चढला नाहीत तरी बस धावणारच असते. तुमच्यामुळे तिचे इंधन जवळपास वाढत नाही, पण रस्त्यावरची एक गाडी कमी होते.

विजेवरची गाडी घ्यावी का? हिशेब करू. लहान विजेची गाडी किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट घेते. ०.७चा गुणक धरला तर १०५ ग्रॅम. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी १५३ ग्रॅम सोडते. ग्रिड जितके स्वच्छ तितका फरक वाढत जातो. मात्र बॅटरी बनवताना झालेले उत्सर्जन आधी फेडावे लागते, आणि ते चालवूनच फिटते. म्हणून रोज बरीच चालणारी गाडी आधी विजेची करावी. महिन्यातून दोनदा बाहेर निघणारी चांगली गाडी विकून नवी विजेची घेण्यात हवामानाचा फायदा कमी, शोरूमचा जास्त.

टायरमध्ये हवा योग्य ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा. हे सगळ्यांना माहीत आहे.

पायरी ५: ओला कचरा

कचराडेपोत खाली दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. तिथे तो कुजतो आणि मिथेन सोडतो. मिथेन शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट तापवतो, वीस वर्षांच्या मापाने ८० पटींच्या आसपास. तो हवेत साधारण बाराच वर्षे टिकतो, म्हणून तो थांबवला की परिणाम लवकर दिसतो.

सर्वांत चांगला कचरा म्हणजे न झालेला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता, हॉटेलांचा नव्हे. फ्रिजमधल्या एका कप्प्यावर 'आधी हे' अशी चिठ्ठी लावा आणि उरलेले सगळे तिथेच ठेवा. आमच्याकडे या चिठ्ठीने केलेले काम कुठल्याही ॲपने केले नाही.

उरलेल्याचे खत करा. भोके पाडलेल्या डब्यात तळाला सुक्या पानांचा किंवा भुशाचा थर द्या. रोजच्या ओल्या कचऱ्यावर तितकाच, किंबहुना थोडा जास्त, सुका पालापाचोळा टाका. मूठभर घेऊन दाबले तर हात ओला व्हावा, पण थेंब गळू नये, इतपत ओल हवी. आठवड्यातून दोनदा खालीवर करा. उग्र, डोळ्यांत जाणारा अमोनियाचा वास आला तर सुका माल कमी पडला. सडक्या अंड्यांचा वास आला तर हवा कमी पडली, लगेच ढवळा. दुसरी चूक गंभीर आहे, कारण हवा न मिळालेला डबाही मिथेनच सोडतो आणि मग डेपोत आणि डब्यात फरक राहत नाही. दोन-तीन महिन्यांत मातीचा वास यायला लागला की खत तयार. पालापाचोळा जाळू नका, तो तुमच्या डब्याचा निम्मा माल आहे.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात: रवंथ करणाऱ्या जनावरांचे मांस हे सर्वांत भारी, कारण त्यांच्या पोटातच मिथेन तयार होतो. ते ताटात कमी आले तर फरक मोठा पडतो, आणि डाळी-कडधान्ये त्या मानाने फार हलकी. खरेदीबद्दल त्याहून थोडक्यात: मोबाइलचे बहुतांश उत्सर्जन तो बनतानाच होऊन गेलेले असते, तेव्हा दोन वर्षांऐवजी पाच वर्षे वापरा. बॅटरी बदलून मिळते.

पायरी ६: इमारतीचे मीटर

घरात जे करता येते ते दोनेक वर्षांत संपते. पुढची वाढ समाईक मीटरमध्ये असते. सोसायटीच्या समाईक विजेची बारा महिन्यांची बिले मागा. मग एकदा रात्री एक वाजता जिन्याजिन्याने आणि तळघरातून फेरी मारा. कोणी नसताना काय चालू आहे ते लिहा: रिकाम्या पार्किंगमधले झगझगीत दिवे, चोवीस तास फिरणारा एक्झॉस्ट, टाकी भरून वाहत असताना चालू असलेला पंप. दिव्यांना हालचाल ओळखणारे सेन्सर, एक्झॉस्टला टायमर, टाकीला पातळी ओळखणारा स्विच. तिन्ही कामे स्वस्त आहेत आणि एका सुटीच्या दिवसात होतात.

मग सौर. छपरावर एक किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटरपर्यंत जागा लागते आणि उन्हाप्रमाणे वर्षाला ९०० ते १,५०० युनिट मिळतात. तांत्रिक अडचण सहसा येत नाही. वाद होतो तो गच्ची कोणाची यावर. म्हणून पहिला प्रस्ताव फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांपुरता ठेवा. फायदा सगळ्यांच्या मासिक वर्गणीत दिसतो आणि वैयक्तिक वाटणीचा प्रश्न येत नाही. सभेत दहा कल्पना घेऊन जाऊ नका. एक कल्पना, तीन दरपत्रके आणि किती महिन्यांत पैसे फिटतात तो आकडा, इतकेच न्या. हवामान हा शब्दही काढला नाही तरी चालेल.

इमारत पाडून नवी बांधायची चर्चा निघाली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. सिमेंट बनवताना चुनखडी तापवली जाते आणि तिच्या आतलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी सौरविजेवर चालवली तरी तो भाग सुटत नाही. सिमेंटचा जगाच्या कार्बन डायऑक्साइडमधला वाटा ७ ते ८ टक्के आहे. संरचना तपासणीत सांगाडा भक्कम निघाला तर दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा पर्याय कागदावर तरी मागा. पाडणे अटळ असेल तर औष्णिक वीजकेंद्रातली राख किंवा पोलाद कारखान्यातली स्लॅग (मळी) मिसळलेले सिमेंट करारात लिहून घ्या.

पायरी ७: प्रभाग आणि नगरपालिका

बस किती वेळाने येते, पदपथ सलग आहे का, डेपोतला मिथेन पकडला जातो का, हे कुठल्याच घराच्या हातात नाही. इथे नागरिक म्हणून मागणी करावी लागते, आणि 'प्रदूषण कमी करा' अशी मोघम मागणी कोणीही गुंडाळून ठेवू शकते.

पहिली मागणी: शहराची उत्सर्जनांची मोजणी. शहरांसाठी एक सर्वमान्य पद्धत २०१४ पासून आहे, जीपीसी नावाची. तिच्यात शहराच्या हद्दीतले उत्सर्जन, बाहेरून आलेल्या ग्रिडच्या विजेचे उत्सर्जन आणि शहरामुळे हद्दीबाहेर होणारे उत्सर्जन असे तीन कप्पे असतात. तुमच्या शहराचा अहवाल असेल तर तो काढा आणि दोन गोष्टी शोधा: तुलना कोणत्या वर्षाशी केली आहे, आणि हद्दीबाहेरचा कचराडेपो मोजला आहे की सोयीस्करपणे गाळला आहे.

दुसरी मागणी: खर्चाला उत्सर्जनाचा आकडा जोडा. नॉर्वेतले ऑस्लो शहर २०१७ पासून पैशांच्या अर्थसंकल्पाबरोबर उत्सर्जनाचाही अर्थसंकल्प मांडते. कुठल्या खात्याने किती टन घटवायचे ते त्यात लिहिलेले असते आणि पैशांच्या हिशेबासारखाच त्याचाही जाब विचारला जातो.

तिसरी मागणी प्रयोगाची. स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये शहराच्या गाभ्यात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावायला सुरुवातीला मोठा विरोध होता. २००६च्या पहिल्या सात महिन्यांत ते फक्त चाचणी म्हणून लावले. रहदारी सुमारे २० टक्क्यांनी घटली, रस्ते मोकळे झालेले लोकांनी स्वतः पाहिले, आणि त्याच सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने कौल दिला. २००७ पासून शुल्क कायम झाले. कोलंबियाच्या बोगोटात १९७४ पासून रविवारी मुख्य रस्ते गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलींना मोकळे केले जातात. आता ते शंभर किलोमीटरच्या वर पसरले आहेत. दक्षिण कोरियाने २००५ साली अन्नकचरा डेपोत पुरण्यावर बंदी घातली आणि २०१३ पासून जितका अन्नकचरा तितके पैसे ही पद्धत देशभर आणली. तुमच्या प्रभागात यातले एकदम काही होणार नाही. पण एक रस्ता, एक रविवार, तीन महिने, आणि आधी-नंतरची रहदारीची मोजणी, एवढे मागता येते. मोजणी स्वयंसेवकांनी केली तरी चालते: चौकात उभे राहून पंधरा मिनिटे किती गाड्या, किती सायकली, किती पायी.

निवेदनाची वेळ साधा. अर्थसंकल्प मंजूर व्हायच्या आठवड्यात दिलेला कागद नुसता फाइलला लागतो. मसुदा त्याच्या काही महिने आधी बनतो, आणि तेव्हा खात्यांकडून कामांच्या याद्या मागवल्या जातात. ती तारीख नगरपालिकेत विचारून घ्या, आणि निवेदनाबरोबर चौकातली मोजणी आणि रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा जोडा.